फोकल फीट, ॲबसन्स आणि चालू असलेली गोळी

ताई, तुमच्या एका प्रश्नात तीन-चार प्रश्न गुंतलेले आहेत. आधी तुमची हकिगत मला कळली तशी मांडतो, म्हणजे माझे काही चुकत असेल तर तुम्हाला लगेच सांगता येईल.

मुलगी १७ वर्षांची, फोंड्याला हायर सेकंडरीत शिकते. १४ व्या वर्षी जत्रेतले नाटक पहाटेपर्यंत बघून घरी आली, जेमतेम दोन तास झोपली आणि उठल्या उठल्या तिला मोठी फीट आली. ईईजीत, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या आलेखात, डाव्या बाजूला दोष निघाला, एमआरआय नॉर्मल. ‘फोकल एपिलेप्सी’, म्हणजे मेंदूच्या एका जागेतून सुरू होणारा अपस्मार, असे निदान होऊन ऑक्सकार्बाझेपिन ही गोळी सुरू झाली. मोठी फीट पुन्हा आली नाही. पण गेले काही महिने ती बोलता बोलता पाच-दहा सेकंद गप्प होते, नजर एका जागी, कधी ओठ चाटते, आणि मग जिथे थांबली तिथूनच पुढे सुरू. दिवसातून कितीतरी वेळा. गोळीचा डोस वाढवला तर प्रकार कमी व्हायच्या ऐवजी वाढला. आता दुसऱ्या डॉक्टरांनी ‘ही ॲबसन्स आहे’, म्हणजे काही सेकंद भान हरपणारी फीट आहे, असे म्हटले, आणि तुमच्या वाचनात आले की फोकल अपस्मारात ॲबसन्स नसते. मग कोणता डॉक्टर चुकला, गोळी बंद करायची का, आणि मुलीने स्कूटर शिकावी का, असे तुमचे म्हणणे.

कोण चुकले ते बाजूला ठेवू. तीन वर्षांपूर्वी एक फीट आणि एक ईईजी एवढ्यावर जे निदान झाले ते त्या दिवशीच्या माहितीवर झाले होते; आज माहिती जास्त आहे. आज शोधायचे आहे ते एवढेच, की हे काही सेकंदांचे हरवणे मेंदूच्या एका जागेतून सुरू होते, की दोन्ही बाजूंना एकाच वेळी. गोळी त्यावर ठरते. अपस्मारात काही गोळ्या एका प्रकाराला उत्तम लागू पडतात आणि दुसऱ्या प्रकाराला उलट चेतवतात, म्हणून एवढा काथ्याकूट. मुलीला तपासल्याशिवाय मी निदान करू शकत नाही आणि करणारही नाही. पण मी या हकिगतीकडे कसा बघेन ते सांगतो.

ओपीडीत ‘मध्येच हरवते’ म्हणून येणारे रुग्ण मुख्यतः दोन तऱ्हेचे असतात.

पहिली तऱ्हा खरी ॲबसन्स. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या तोंडासमोर मी कागदाची पट्टी धरतो आणि म्हणतो, ही हलत राहील अशी जोरजोरात फुंकर मारत राहा, तीन मिनिटे. मूल उत्साहाने फुंकत असते. दीड-दोन मिनिटांनी पट्टी एकाएकी थांबते. डोळे किंचित वर, पापण्या भरभर फडफडतात, चेहरा कोरा. मी कानाशी ‘काजू’ असा शब्द सांगतो. सात-आठ सेकंद जातात आणि पट्टी पुन्हा हलू लागते. मुलाला विचारले, ‘मी काय म्हणालो?’ तर ते म्हणते, ‘तुम्ही कुठे काय म्हणालात?’ ना आधी काही सूचना, ना नंतर गोंधळ, ना झोप. सुरुवात आणि शेवट दोन्ही सुरीने कापल्यासारखे. साधारणपणे वीस सेकंदांच्या आत खेळ संपतो, आणि दिवसातून अनेकदा होतो. अशा वेळी ईईजी घेतला तर दोन्ही बाजूंना एकदम, सेकंदाला तीन या गतीने टोक आणि लाट, टोक आणि लाट असा आलेख येतो. बॉस्टनच्या डॉक्टरांनी १९३५ मध्ये तो प्रथम नोंदवला आणि आजही त्याच्याइतकी स्पष्ट खूण अपस्मारात दुसरी क्वचितच सापडते.

दुसरी तऱ्हा फोकल फीटची, ज्यात शुद्ध झाकोळते. माझ्याकडे येणाऱ्या एक बाई म्हापशाच्या बाजारात भाजी विकायला बसतात. त्यांना आधी पोटातून काहीतरी वर चढल्यासारखे होते, उगाच भीती वाटते. तेवढ्यात त्या गप्प होतात. उजवा हात वाकून ताठरतो, डाव्या हाताने पदराचे टोक चिमटत राहतात, तोंडाने गिळल्यासारखे करतात. मिनिट-दीड मिनिटाने नजरेत ओळख येते, पण समोर भेंडीचा ढीग असूनही ‘भेंडी’ शब्द सुचत नाही. ‘ते हिरवे… ते…’ एवढेच. गिऱ्हाईक समजते बाईंचे चित्त ठिकाणावर नाही. ही फीट डाव्या कानशिलाच्या आतल्या भागातून सुरू होते. भाषेचे केंद्र बहुतेकांत त्याच बाजूला असल्याने नंतर शब्द हरवतो. आणि शुद्ध जाते ती, फीटची लाट मेंदूच्या खोलवरच्या, जागे ठेवणाऱ्या भागांचे काम काही काळ बंद पाडते म्हणून.

ज्याला साधारण माणूस ‘हरवणे’ म्हणेल ते दोन्हीकडे आहे. म्हणूनच काही ठिकाणी कागदावर सैलपणे ‘ॲबसन्स’ लिहिले जाते. त्यात नावेही बदलत गेली. १९८१ च्या वर्गीकरणात ज्याला ‘कॉम्प्लेक्स पार्शियल’ म्हणत त्याला २०१७ मध्ये नवे नाव मिळाले, २०२५ मध्ये त्यात आणखी फेरफार झाला. पण काटेकोर अर्थाने, तुम्ही वाचलेत ते बरोबर आहे: ॲबसन्स हा जनरलाइज्ड, म्हणजे दोन्ही बाजूंनी सुरू होणाऱ्या फीटचा प्रकार आहे.

आता अपवाद. कपाळामागच्या भागातून, विशेषतः दोन्ही गोलार्ध जिथे एकमेकांना चिकटून असतात त्या मधल्या पट्टीतून सुरू होणारी फोकल फीट अगदी ॲबसन्ससारखी दिसू शकते: थोडा वेळ, अचानक सुरू, चटकन बंद. ती इतक्या वेगाने पलीकडच्या बाजूला पोहोचते की ईईजीवरही दोन्हीकडे एकदम सुरू झाल्यासारखी भासते. माँट्रियलमध्ये १९५२ साली ट्युकेल आणि जॅस्पर यांनी हे दाखवून दिले. म्हणजे वरवर ‘ॲबसन्स’, मुळात फोकल. अशा वेळी मी ईईजीत सुरुवातीचा पाव-अर्धा सेकंद बघतो, आणि टोके दर वेळी एकाच बाजूने पुढे असतात का, ते तपासतो.

आणि दोन्ही प्रकार एकाच माणसात? असू शकतात. २०१७ च्या वर्गीकरणात ‘फोकल आणि जनरलाइज्ड एकत्र’ असा वेगळा कप्पा आहे. पण त्यात प्रामुख्याने लेनॉक्स-गॅस्टो, ड्राव्हे यांसारखे लहानपणापासूनचे गंभीर आजार येतात, ज्यांत मुलाची वाढ आणि शिकणेही मागे पडते. तुमच्या मुलीसारख्या, अभ्यासात नीट असलेल्या मुलीत दोन वेगवेगळे अपस्मार योगायोगाने एकत्र येणे फार दुर्मीळ. त्याआधी मी दुसऱ्या शक्यता खोदून बघेन.

तुमच्या हकिगतीतली जी गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीत, ती मला सगळ्यात मोलाची वाटली. ते जत्रेचे नाटक. जागरण, मग थोडी झोप, आणि उठल्यावर लगेच सगळे अंग हलवणारी फीट, तीही तेरा-चौदाच्या वयात. ही ओळख जनरलाइज्ड अपस्माराच्या किशोरवयीन प्रकारांची आहे. गोव्यात जत्रा, कालोत्सव, नाटके यांचा हंगाम सुरू झाला की अशी मुले आमच्याकडे येतात. अर्थात जागरणाने फोकल फीटही येऊ शकते, तेवढ्याने शिक्कामोर्तब होत नाही. म्हणून मुलीला आणखी एक विचारा: सकाळी उठल्यावर पहिल्या तासाभरात हाताला झटका बसून दात घासायचा ब्रश किंवा चहाचा कप उडतो का? खांदे एकदम दचकल्यासारखे होतात का? मुले हे आपणहून सांगत नाहीत. घरात ‘वेंधळी आहे, भांडी पाडते’ म्हणून ओरडा बसलेला असतो. असे झटके असतील तर किशोरवयीन मायोक्लोनिक एपिलेप्सीचा संशय बळावतो, आणि तिच्यातही काहींना ॲबसन्स येतात.

मग ईईजीतला डाव्या बाजूचा दोष? त्याने मी फारसा बिचकणार नाही. जनरलाइज्ड अपस्मारातही दोन्हीकडच्या लाटांचे तुटक तुकडे एका बाजूला दिसतात. आज डावीकडे, सहा महिन्यांनी उजवीकडे. वीस-तीस मिनिटांच्या एका नोंदीत फक्त तुकडाच हाती लागला असेल तर अहवालात ‘लेफ्ट’ असे येणार. म्हणून जुन्या अहवालाचा कागद पुरेसा नाही. शक्य असेल तर मूळ नोंदीची सीडी किंवा छापील पाने मागून घ्या. ओठ चाटण्यावरूनही काही ठरत नाही. ॲबसन्स जरा लांबली की त्यातही ओठ, बोटे आपोआप हलतात.

फोकलच्या बाजूने काय बोलेल? मुलीला आधी काही जाणवत असेल तर. हे तिला एकटीला, शांतपणे विचारा. पोटातून चढणे, विचित्र वास, ‘हे सगळे पूर्वी घडले आहे’ असे वाटणे, कारणाशिवाय भीती. १७ व्या वर्षी हे बोलायची लाज वाटते, आपल्याला वेड लागले असे वाटते. मान दर वेळी एकाच बाजूला वळत असेल, एकच हात वेडावाकडा होत असेल, नंतर मिनिटभर शब्द सापडत नसतील, प्रकार मिनिटाच्या घरात जात असेल, तर मी फोकलकडे झुकेन. तुमच्या वर्णनात यातले काही नाही.

गोळीकडे वळू. ऑक्सकार्बाझेपिन, कार्बामाझेपिन, फेनिटॉइन ही फोकल अपस्मारातली जुनी, भरवशाची औषधे. ती मज्जापेशींच्या सोडियम वाहिन्यांवर काम करतात. ॲबसन्सचे यंत्र वेगळे: मेंदूचा बाहेरचा थर आणि खोलवरचा थॅलॅमस यांच्यात एक लयबद्ध चक्र अडकते, आणि त्यात थॅलॅमसमधल्या एका प्रकारच्या कॅल्शियम वाहिन्यांचा मोठा हात असतो. इथोसक्सिमाइड त्याच वाहिन्या दाबते, म्हणून ती ॲबसन्सला चालते आणि फोकल फीटला तिचा उपयोग नाही. उलट कार्बामाझेपिनच्या घराण्यातल्या गोळ्या हे चक्र आणखी पक्के करू शकतात. मोठी फीट थांबते, सगळे खूश होतात, आणि इकडे ॲबसन्स व सकाळचे झटके वाढतात. डोस वाढवल्यावर प्रकार वाढला हे तुमचे वाक्य म्हणूनच महत्त्वाचे.

पण थांबा. डोस वाढल्यावर मुलगी हरवल्यासारखी वाटण्याला दुसरेही कारण असू शकते. ऑक्सकार्बाझेपिनने रक्तातले सोडियम उतरते, गुंगी येते, एकाचे दोन दिसतात. त्याने येणारा मंदपणा मात्र सेकंदांत सुरू होऊन सेकंदांत संपत नाही. तो तासन् तास रेंगाळतो. सोडियमची तपासणी साधी आहे, ती करून घ्या. नुसती तंद्री असेल तर खांद्याला हात लावल्यावर मुलगी लगेच भानावर येईल, ॲबसन्समध्ये येणार नाही.

एवढ्यावरून माझा कल असा: मुलीला मुळात जनरलाइज्ड अपस्मार असण्याची आणि गोळीने ॲबसन्सला बळ मिळत असण्याची शक्यता पहिली तपासावी. कपाळामागच्या फोकल फीटची शक्यता दुसरी. दोन्ही एकत्र, शेवटी. तुमचे नवे डॉक्टर बहुधा याच दिशेने विचार करत असावेत.

गोळी स्वतःहून बंद करू नका. हे मी ठासून सांगतो, कारण वरचा परिच्छेद वाचून आज रात्रीच ती थांबवण्याचा मोह होईल. एकदम बंद केलेल्या गोळीने मोठ्या फीटची रांग लागू शकते. बदल करायचा तर आधी नवीन औषध चढवतात, मग जुने हळूहळू उतरवतात. तोवर डोस आणखी वाढवू नये एवढे मात्र डॉक्टरांशी आजच फोनवर बोलून घ्या.

तपासणी कोणती? पुन्हा ईईजी, पण या वेळी हातात नेमका प्रश्न घेऊन: झोप कमी करून, जागेपणी आणि झोपेत दोन्ही, आणि तीन मिनिटे जोरात श्वास घ्यायला लावून, शक्यतो व्हिडिओसह. औषध न घेतलेल्या ॲबसन्सच्या मुलांत जोरात श्वास घेतल्यावर बहुतेक वेळा प्रकार समोर येतोच. किशोरवयात, तेही गोळी चालू असताना, इतका हमखास नाही, तरी करावाच. आदल्या दिवशी केस शाम्पूने धुवा आणि खोबरेल लावू नका, तारा चिकटत नाहीत. गोळी आणि जेवण चुकवू नका. ईईजी नॉर्मल आला म्हणजे काही नाही असेही समजू नका. एमआरआय तीन वर्षांपूर्वीचा आहे. तो अपस्मारासाठीच्या खास पद्धतीने, पातळ कापांचा होता का ते विचारा. फोकल ठरले तर तो पुन्हा लागेल, जनरलाइज्ड ठरले तर बहुधा नाही.

ईईजीच्या आधी तुमच्या हातातले एक काम आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. मोबाइलवर चित्रीकरण. प्रकार सुरू व्हायची वाट बघत बसलात तर तुम्ही फोन काढेपर्यंत तो संपेल. त्यापेक्षा संध्याकाळी ती जेवत किंवा वाचत असताना फोन टेकवून अर्धा तास चालू ठेवा. चेहरा आणि दोन्ही हात दिसू देत. प्रकार दिसला की एखादा शब्द मोठ्याने सांगा, ‘आंबा’ म्हणा, हात वर करायला सांगा, आणि नंतर काय आठवते ते विचारा. सगळे चित्रीत होऊ द्या. असा चांगला वीस सेकंदांचा तुकडा मला पाच पानी फायलीपेक्षा जास्त सांगतो.

निदान जनरलाइज्डकडे वळले तर पुढचा पेच वेगळा आहे, आणि तो तुम्हाला आधीच माहीत असलेला बरा. ॲबसन्स, झटके आणि मोठी फीट या तिन्हींवर सगळ्यात खात्रीचे औषध व्हॅल्प्रोएट. पण ते घेत असताना गर्भ राहिला तर दहातल्या साधारण एका बाळात मोठे जन्मदोष येतात, आणि तीस ते चाळीस टक्के मुलांच्या बौद्धिक वाढीवर परिणाम होतो. म्हणून १७ वर्षांच्या मुलीला मी ते पहिले औषध म्हणून देत नाही. नुसत्या ॲबसन्ससाठी इथोसक्सिमाइड चांगली, पण ती मोठी फीट अडवत नाही, आणि तुमच्या मुलीला मोठी फीट येऊन गेली आहे. मी लॅमोट्रिजिन किंवा लेव्हेटिरासिटॅमकडे जाईन. लॅमोट्रिजिन आठवड्याआठवड्याने, अगदी सावकाश चढवावी लागते. घाई केली तर अंगावर गंभीर पुरळ येऊ शकते, आणि काहींत ती सकाळचे झटके वाढवते. लेव्हेटिरासिटॅम लवकर चढते, पण काहींची चिडचिड इतकी वाढते की घरात कोणी बोलायला धजत नाही. ते झाले तर ‘वयच तसे आहे’ म्हणून सोडू नका, डॉक्टरांना सांगा. निवड करताना मुलीला समोर बसवून बोला. आणखी काही वर्षे गोळी तिलाच घ्यायची आहे.

फोकलच ठरले तर ऑक्सकार्बाझेपिन चुकीची नव्हती, फक्त पुरी पडली नाही. मग दुसरे औषध. योग्य मात्रेत दोन योग्य औषधे देऊनही फीट थांबली नाही तर तिरुवनंतपुरमचे श्री चित्रा किंवा बंगळूरूचे निमहान्स अशा ठिकाणी शस्त्रक्रियेच्या दृष्टीने तपासणी करावी, पाच-दहा वर्षे वाट बघत बसू नये. पण त्या वळणावर तुम्ही अजून आलेला नाहीत.

शेजाऱ्यांनी कोबी आणि डुकराचे मांस बंद करायला सांगितले, असे तुम्ही लिहिलेत. हा सल्ला मेंदूतल्या फीतकृमीच्या गाठींबद्दल ऐकीव माहितीतून येतो. त्या गाठी होतात कृमीची अंडी पोटात गेल्याने, म्हणजे मानवी विष्ठेने दूषित पाणी आणि न धुतलेल्या कच्च्या भाज्यांतून. शुद्ध शाकाहाऱ्यांनाही होतात. तुमच्या मुलीच्या एमआरआयमध्ये गाठ नाही, तेव्हा कोबी खुशाल शिजवा. देवळात कौल लावला, त्याबद्दलही तुम्ही संकोचून लिहिले आहे. लावा की. गोळीची वेळ चुकू नये एवढेच.

तातडी कधी? मोठी फीट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली तर १०८. आणि एक कमी माहीत असलेली गोष्ट: मुलगी अर्धा-एक तास सलग धुंद, उत्तरे अर्धवट, पापण्या फडफडताहेत, अशी दिसली तर झोपू देऊ नका, थेट कॅज्युअल्टीत न्या. ॲबसन्स न थांबता चालूच राहू शकते आणि ती ईईजीवरच कळते. तोपर्यंत न्हाणीघराला आतून कडी नको, विहिरीवर एकटी नको, नदीत किंवा समुद्रात पोहणे नको, आणि उकळत्या तेलापाशी तिला उभी करू नका.

स्कूटर. गोव्यात बस चुकली की स्कूटरवाचून गत नाही हे मला माहीत आहे, आणि बारावीतल्या मुलीला स्कूटर नाही म्हणणे सोपे नाही. तरीही आत्ता उत्तर नाही असेच आहे. पाच सेकंद हरवले तर तेवढ्यात ताशी ४० च्या वेगाने स्कूटर पन्नासेक मीटर जाते, कोणी न चालवता. लायसन्सच्या अर्जातल्या स्वयंघोषणेत अपस्माराबद्दल थेट प्रश्न असतो. तिथे खोटे लिहू नका. प्रकार पूर्ण थांबून बराच काळ गेल्यावर, ईईजी बघून, डॉक्टरांशी बोलून तो विषय पुन्हा काढता येईल. बऱ्याच जणांचा निघतोही. आणि तपासणीसाठी बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, जायचे ठरले तर तिला पायलटच्या, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवाल्याच्या, मागे बसवून पाठवू नका. जागरण करून निघालेली असेल त्या दिवशी तर नाहीच. बसने जा, तिला खिडकीकडे बसवा आणि तुम्ही शेजारी बसा.